ओळखीची खूण : निरंक

केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट पाण्यात वीस मिनिटं भिजलं की वाकतं. त्याआधी काढलं तर वळवताना तडकतं, तासभर ठेवलं तर त्याला धर राहत नाही. तनुजा ते करंगळीच्या नखाएवढं रुंद फाडायची, मेथीच्या जुडीभोवती दोन वेढे द्यायची आणि टोक आत खोचायची. गाठ ती मारतच नसे. एका जुडीला नऊ-दहा सेकंद लागत.

चैत्र लागला त्या आठवड्यात सोपट उरू लागलं. भिजवलेल्यातलं अर्धं ती परत वळणीवर टाकायची. वाफ्यांतली मेथी खालून पिवळी पडत होती, वीतभर व्हायच्या आत तिला फुलं आली होती. मुळाशी बोट खुपसलं तर दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागायची.

"शेरडं बी बघायची नाय हिच्याकडं," सासू मुक्ताबाई म्हणाली आणि खाली बसून उपटत राहिली.

संध्याकाळी सहाला सुदर्शनचा टेम्पो बांधाशी यायचा. हा हिंगोलीकडचा माणूस, मांजरीतल्या आठ-दहा मळ्यांची भाजी मार्केटला पोचवायचा. त्या दिवशीचा ढीग बघून तो म्हणाला, "काकू, हा माल आहे का नमुना?"

"हाय त्यो घे. तोंड चालवू नको."

या खेपेचं पाण्याचं बारं चुकलं होतं. त्या पंचवीस गुंठ्यांना कालव्याचं पाणी मिळे ते आप्पासाहेबांच्या अर्जावर. मुक्ताबाईचा नवरा, आप्पासाहेब, दिवाळीनंतर गेला. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने या वेळी अर्ज परत दिला. "मयताच्या नावावर पाणी कसं सोडू? वारस लावून घ्या आधी." दोघी तलाठ्याकडे गेल्या. बाकावर तीन तास बसल्यावर त्याने कागद पुढे ओढला.

"वारस कोण कोण?"

"मी आन् एक मुलगा," मुक्ताबाई म्हणाली.

"मुलगा कुठे आहेत?"

"गेलाय."

"गेलाय म्हणजे? वारला?"

"नाय. गेलाय घरातनं."

"कधी?"

तनुजाने सांगितलं. दोन हजार सतराच्या जुलैत, चार तारखेला. सकाळी टेम्पो घेऊन मार्केटला गेला. टेम्पो मार्केटच्या दारात मिळाला, चावी सीटखाली होती.

तलाठ्याने पेनाचं टोपण लावलं. "हयात असेल तर सही आणा, मयत असेल तर दाखला आणा. तिसरा रकाना नाही माझ्याकडे." मग जरा थांबून म्हणाला, "वाचनालयातल्या मॅडमना विचारा. कुठल्या कामाला काय लागतं ते त्या नीट सांगतात."

वाचनालय जुन्या ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर होतं. सतरा पायऱ्या. मुक्ताबाईने मध्ये दोनदा थांबून गुडघा दाबला. आत वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती म्हातारी माणसं, पलीकडे परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली, आणि खिडकीशी एक संगणक. तिथे नम्रता बसायची. वाशिमहून शिकायला आलेली, पस्तिशीची. सकाळी पुस्तकांची देवघेव, आणि दुपारी तीन ते पाच लोकांचे सरकारी कागद. कुठलं कार्यालय, कितवा मजला, कोणती कागदपत्रं, किती झेरॉक्स, हे सगळं ती जुन्या सूचिकार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहून द्यायची. लोक त्याला चिठ्ठी म्हणत, डॉक्टरची असावी तशी.

"नंबर लावा," पेपर वाचणारे मच्छिंद्र गुरुजी म्हणाले. "इथं दवाखान्यापेक्षा गर्दी आहे. पुस्तक मागायला येतो तो मी एकटाच, आणि मलाच ते मिळत नाही."

"तुम्ही मागितलेलं पुस्तक तुमच्याच घरी आहे, गुरुजी. दोन महिने झाले," नम्रता मान वर न करता म्हणाली.

तिने दोघींचं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'अरेरे' म्हणाली नाही. मग सांगितलं: सात वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर न्यायालयात जाता येतं. त्याला पोलिसांचं पत्र लागतं, की शोध घेतला, मिळून आला नाही. ते पत्र मागायच्या आधी पोलिसांच्या संकेतस्थळावरची अनोळखी मृतदेहांची यादी आपणच एकदा बघून घेतलेली बरी. "तक्रारीची प्रत आहे का?"

"हाय," मुक्ताबाई म्हणाली. "पेटीत हाय."

"उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईने प्रत आणली. दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेली, घडीवर झिजून भोकं पडलेली. तनुजाने ती याआधी कधी पाहिली नव्हती. तक्रार द्यायला सासू-सासरे गेले होते. ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती आणि तिला घरी बसवलं होतं, कारण तो आलाच तर दार उघडं पाहिजे.

नम्रताने आधी तारीख, वय आणि जिल्हा घालून शोधलं. "चौदा पानं आलीत," ती म्हणाली. "एकेक फोटो बघायची गरज नाही, ते बघण्यासारखे नसतात. वर्णन घालून कमी करू." आणि कागद खिडकीच्या उजेडात धरून वाचू लागली. "उंची पाच फूट सात इंच. रंग सावळा. बांधा मध्यम. नेसणीस राखाडी पँट, निळा चौकड्याचा शर्ट. ओळखीची खूण, निरंक."

"निरंक म्हणजे?" तनुजाने विचारलं.

"काही नाही, म्हणजे. खूण नाही."

तनुजाने कागद हातात घेतला. तो शब्द गोल, नीटस अक्षरात लिहिला होता. तिने सासूकडे पाहिलं. मुक्ताबाई वरच्या पंख्याकडे बघत होती. पंख्याच्या एका पात्याला वाक होता, तो प्रत्येक फेऱ्याला टक् वाजत होता.

"आत्या, हे काय लिहिलंय?"

"लिव्हणाऱ्यानं लिव्हलं."

"ताई, होती का काही खूण?" नम्रताने विचारलं.

टेबलापलीकडे मच्छिंद्र गुरुजींनी पेपर खाली केला. अभ्यासाच्या मुलींपैकी एकीने पेन थांबवलं.

"चल," मुक्ताबाई उठली. "बोअरचं पाणी यायची येळ झाली."

बोअर शेजाऱ्यांचं होतं. कालव्याचं बंद झाल्यावर त्यांनी दिवसाआड एक तास पाणी द्यायचं कबूल केलं होतं, दुपारी एक ते दोन, जेव्हा ते कुणालाच नको असतं. पाइप त्यांच्या वाफ्यातून टाकायचा नाही, लांबून वळसा घालून आणायचा. आज शेजारी गावाला जाऊन आलेले, म्हणून वेळ चारची झाली होती. दोघी वाचनालयातून तशाच मळ्यात गेल्या.

तनुजा खोऱ्याने दारं धरत होती. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं मोडायचं. पाणी आधी भेगांत जायचं, बुडबुडे यायचे, मग कुठे वर सरायचं. मुक्ताबाई पुढच्या पाटातली माती ओढत होती. तिचा पाय ओल्या मातीवरून उचलला की ठसा उरायचा. उजव्या पायाचा पाच बोटांचा, डाव्याचा चारच.

डाव्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटं नखापर्यंत जुळलेली, मध्ये फट नाही. लग्नात जोडवी घालायची वेळ आली तेव्हा सोनाराने दोन्ही बोटांवर बसेल असं एकच रुंद जोडवं घडवलं होतं. आप्पासाहेब गेल्यावर ते निघेना. साबण लावून झाला, तेल लावून झालं, शेवटी पकडीने तोडलं. त्या जागी अजून फिकट पट्टा होता. तिच्या मुलाचा, पृथ्वीराजचा, डावा पाय असाच होता. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तनुजाने त्याला त्यावरून चिडवलं होतं, तर तो म्हणाला होता, "आईचा शिक्का आहे. हरवलो तरी परत तिच्याकडेच पाठवतील."

तनुजाने खोरं मातीत रोवलं.

"विसरला नव्हतात तुम्ही."

मुक्ताबाई माती ओढत राहिली.

"रोज पाय धुता तुम्ही, आत्या. विसरणार कशा?"

"पाणी फुटतंय तिकडं. बघ."

तनुजाने फुटलेलं बुजवलं आणि परत येऊन तिथेच उभी राहिली. मुक्ताबाई बांधावर बसली. पदराने तोंड पुसलं, मग हात पुसले, मग परत तोंड.

"हवालदार चांगला व्हता," ती म्हणाली. "च्या बी पाजला. म्हणला, मावशी, खूण सांगा कायतरी. खूण असली की बॉडी घावल्यावर कळवता येतं. मी काय बॉडी शोधाया गेलते व्हय? मी माणूस शोधाया गेलते."

"मग?"

"मग म्हणलं, काय नाय खूण."

"मामंजी होते ना शेजारी?"

"व्हते की. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. आन् मान खाली घातली. तिथनं घरी येस्तवर बोलले नाय. म्येले तरी त्यावर बोलले नाय."

पाणी वाफ्याच्या कडेपर्यंत आलं होतं. तनुजाचं लक्ष नव्हतं.

"मला तरी सांगायचं," ती म्हणाली. "आठवं वर्ष आहे हे. मी गाडीचा आवाज झाला की अजून बाहेर येते."

"तुला सांगितलं असतं तर तू तिथं जाऊन खरं सांगून आली असतीस. तुला सवयच हाय ती."

पाणी कड फोडून वाटेवर गेलं. बोअरचं पाणी वाया घालवलं म्हणून शेजाऱ्याने लांबून हाक मारली, मुक्ताबाई उठली आणि दोघी एकदम माती ओढू लागल्या.

दोन दिवसांनी तनुजा एकटी वाचनालयात गेली. पाच वाजत आले होते. नम्रता संगणक बंद करायच्या बेतात होती.

"डाव्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटं जुळलेली आहेत," तनुजा उभ्यानेच म्हणाली. "जन्मापासून."

नम्रताने खुर्ची पुढे सरकवली. तिने तेवढं टंकलं आणि चौदा पानांऐवजी एक ओळ आली. तिने ती आधी स्वतः पूर्ण वाचली. मग पडदा थोडा आपल्याकडे वळवला.

"ताई, एक नोंद आहे. वाचू का तुम्ही वाचता?"

"तुम्ही वाचा."

"तेवीस जुलै दोन हजार सतरा. दौंड तालुका, बंधाऱ्याजवळ. पुरुष, वय अंदाजे पंचवीस ते तीस. राखाडी पँट. शर्ट नाही. डाव्या पायाची दुसरी व तिसरी बोटे जुळलेली." ती थांबली. "फोटो आहे. मी उघडत नाही."

तनुजाने टेबलाची कड धरली होती. तिच्या नखांत मेथीचा हिरवा रंग होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती. चार जुलै ते तेवीस जुलै. एकोणीस दिवस. त्या तेवीस तारखेला तिने काय केलं होतं ते तिला आठवेना. बहुतेक जुड्या बांधल्या होत्या.

"म्हणजे तोच," ती म्हणाली.

"तसं म्हणता येत नाही. अशी बोटं बऱ्याच जणांची असतात. अंत्यविधी तेव्हाच झालाय, पण नमुना ठेवलाय असं लिहिलंय. त्याच्याशी रक्त जुळवून बघतात. जुळलं तर ते. नाही जुळलं तर नाही."

"माझं घ्या मग."

नम्रताने पेन हातात घेतलं होतं. ते तिने खाली ठेवलं. "बायकोचं चालत नाही, ताई. रक्ताचं नातं लागतं. आई, वडील, मूल."

"मूल नाही."

"भाऊ, बहीण?"

"एकटाच."

नम्रताने कार्ड घेतलं. कोणतं पोलीस ठाणं, कुणाला भेटायचं, आईचं आधार कार्ड, तक्रारीची प्रत, वर्णनात दुरुस्तीचा अर्ज, असं एकाखाली एक लिहिलं. शेवटच्या ओळीत 'आईने स्वतः येणे आवश्यक' असं लिहून खाली रेघ मारली. जिना उतरताना तनुजाने कार्ड पोलक्यात ठेवलं. मळ्यापर्यंत ते घामाने मऊ झालं.

मुक्ताबाईने सगळं ऐकलं. चुलीपुढे बसून ती भाकरी थापत होती. दौंडचं नाव आलं तेव्हा थाप थांबली आणि परत सुरू झाली.

"असलं पाय काय जगात एकाचंच असत्यात?"

"म्हणूनच तर रक्त बघायचं."

"आन् जुळलं तर?"

"तर कळेल."

"नाय देणार मी." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पोटात धरलं तवा माझंच रक्त दिलं त्येला. आता त्याच रक्तानं मारू व्हय?"

तनुजा उठून बाहेर गेली. भाकरी एका बाजूने करपली. रात्री जेवताना मुक्ताबाईने ती स्वतःच्या ताटात घेतली.

त्यानंतर सहा दिवस त्या कामापुरतं बोलल्या. मेथीचे चार वाफे सोडून द्यावे लागले. उरलेल्या दोनांना त्या हंड्याने पाणी घालत होत्या, शेजाऱ्यांच्या हौदापासून एकशे दहा पावलं. तनुजाच्या खांद्याला हंड्याच्या काठाचा वळ उठला. पाटकरी सायकलवरून गेला, थांबला नाही. कार्ड फडताळावर, मिठाच्या बरणीखाली होतं. दोघींपैकी कुणीही त्याला हात लावला नाही.

शुक्रवारी शेजाऱ्यांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बोअरचं पाणी देणारं घर, जायला हवंच होतं. मुक्ताबाईने झाडाच्या दहा कैऱ्या काढल्या आणि त्या घेऊन ती सुनेबरोबर गेली. आत गेली नाही. ओट्यावर चपलांजवळ बसली.

दार उघडं होतं. आत बायका ओळीने बसल्या होत्या. शेजाऱ्यांची नवी सून ऋतुजा हातात करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत, ओटीत भिजवलेले हरभरे घालत पुढे सरकत होती. डिसेंबरात लग्न झालेलं. तनुजापाशी ती आली आणि तिचं बोट हवेत थांबलं. तिने वळून आपल्या सासूकडे पाहिलं.

"लाव गं, लाव," सासू म्हणाली. तिला वाटलं, आपण हळू बोलतोय. "अजून काय कळलेलं नाही ना."

बायका हातातल्या कैरीच्या डाळीकडे बघू लागल्या. ऋतुजाने कुंकू लावलं. हात हलल्यामुळे ते नाकावर सांडलं. हरभऱ्याची मूठ तिने आधी भरली होती ती थोडी परत पातेल्यात सोडली, आणि उरलेले ओटीत घातले. तनुजाने ओटी धरून ठेवली होती, दोन्ही हातांनी, न हलता. मान खाली, नाकावरचं कुंकू पुसायला हात मोकळा नाही.

मुक्ताबाईने ओट्यावरून ते पाहिलं. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. पन्ह्याचा पेला कुणीतरी बाहेर आणून दिला, तो तिने तसाच खाली ठेवला. तनुजा बाहेर आली तेव्हा मुक्ताबाईने पदराचं टोक ओलं केलं आणि तिच्या नाकावरचं कुंकू पुसलं. कपाळावरच्याला हात लावला नाही. मग त्या घरी आल्या.

शनिवारी दोघींनी सकाळपासून उरलेले दोन वाफे काढले. ऊन चढल्यावर आंब्याखाली बसून बांधल्या. एकशे चाळीस जुड्या झाल्या. मुक्ताबाई मुळांची माती झटकत होती आणि मध्येच हात थांबवून बांधाकडे बघत होती.

सहाला सुदर्शन आला. त्याने मागचं फळकूट पाडलं आणि जुड्या रचू लागला.

"आज बरी आहे की मेथी. उद्या किती धरू?"

"उद्या येऊ नको," मुक्ताबाई म्हणाली. "परवा बी नको. सोमवारी आम्ही दोघी जाणार हाय. सकाळच्या गाडीनं."

"कुठं? देवाला?"

"पोलिसात. आन् तिथनं दवाखान्यात. रक्त द्यायचंय मला."

तनुजाच्या हातातलं सोपट तुटलं. तिने दुसरं घेतलं नाही. ती तशीच बसून सासूकडे बघत राहिली.

"रक्त?" सुदर्शन वळला. "अहो काकू, या वयात कोण घेतंय तुमचं रक्त. पडाल तिथंच. कुणाला लागतंय, सांगा. गट कोणता? आमच्या खोलीवर सहा जण आहोत, धडधाकट. सोमवारी सुट्टी टाकून उभे करतो सगळ्यांना."

"दुसऱ्याचं नाय चालायचं. माझंच लागतंय."

"असं कसं असेल? कुणाला द्यायचंय पण?"

मुक्ताबाई हातातली माती झटकून, गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली.

"पृथ्वीराजला," ती म्हणाली.